एवढी ओळ होऊ दे

विणणाऱ्या बाईच्या तोंडात एक वाक्य असतं. पोर रडलं, भात लागला, दारात कुणी आलं, तरी ती मान वर न करता म्हणते, "थांब, एवढी ओळ होऊ दे." त्यात तिची काही चूक नसते. ओळ मध्येच सोडली तर टाके सुईवरून घसरतात आणि खालपर्यंत उसवत जातात. सगळ्याजणी म्हणतात. मी ते वाक्य पंचेचाळीस वर्षांत म्हटलेलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. लग्नाला बारा वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून गेलेले, मग इंजेक्शनं, तपासण्या, आणि अडतिसाव्या वर्षी हे. ती म्हणाली, "आई, माझा तो लहानपणीचा स्वेटर आहे ना गं? कैरीच्या रंगाचा? बाळाला पहिला तोच घालायचाय. सासूबाई म्हणतात, जगल्या-वाचलेल्या पोराच्या अंगावरचं घालावं."

आमच्यात नव्या जिवाला पहिल्यांदा नवा कपडा घालत नाहीत. धडधाकट वाढलेल्या एखाद्या पोराचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं अंगडं मागून आणतात आणि ते घालतात. त्याचं आयुष्य ह्याला लागावं म्हणून.

"बघते," मी म्हणाले.

"बघते काय? ट्रंकेत असेल."

"असेल. उंदराने कुरतडला नसेल तर."

"सातव्या मजल्यावर कुठून येणार गं उंदीर?" ती हसली. "आणि ऐक ना, माझी रजा संपली की तू घाटकोपरला आमच्याकडेच राहायला ये. मी काय पाळणाघरात टाकणार नाही तिला किंवा त्याला, जे असेल ते. तुझ्यासारखं लक्ष कुणाचं नसतं. बाबा सदा पाळीवर, दोन दोन पोरं एकटीने वाढवलीस तू."

तिने फोन ठेवला. पोरं दोन नव्हती, तीन होती. आणि तो स्वेटर जगल्या-वाचलेल्या पोराचा होता खरा, पण त्याची लोकर तशा पोराची नव्हती. नाही सांगितलं तर ती आपलं बाळ माझ्या भरवशावर टाकून कामाला जाणार होती. सांगितलं तर बहुतेक टाकणार नव्हती. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. कोकणातून लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा आमची चाळीत एक खोली होती. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा. सासूबाई वर्षातले आठ महिने गावी, घर आणि कलमं सांभाळायला. दुपारी कामं उरकली की बायका गॅलरीत विणायला बसत. मला शेजारच्या वहिनींनी शिकवलं. माझ्या पहिल्या सुया म्हणजे सायकलच्या चाकाच्या दोन तारा, फरशीवर घासून टोक काढलेल्या. विणकामाची पुस्तकं यायची ती इंग्रजीत. मला मराठीही अडखळत वाचता येत होतं. मी दुसऱ्याच्या अंगावरचा स्वेटर बघायची आणि घरी येऊन तशी वीण काढायची. ट्रेनमध्ये, लग्नात, रेशनच्या रांगेत, कुणाच्या पाठीवर नवी वीण दिसली की मी टाके मोजत उभी राहायची.

मुंबईत स्वेटर कशाला, असं नवरा म्हणायचा. त्याचं बरोबर होतं. मुलुंडला डोंगराच्या अंगाने वर्षातले पंधरा दिवस सकाळी जरा गार वारा येतो, तेवढंच. पण बाळाला टोपी, मोजे आणि स्वेटर पाहिजेच, असं आम्हा सगळ्याजणींना वाटायचं. पोरांना घामोळं यायचं. तरी घालायचो.

पहिली मुलगी झाली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. फार देखणी वगैरे नव्हती. डोक्यावर केस कमी, कान मोठे. लोकरीची गुंडी दिसली की रांगत यायची आणि तोंडात घालायची. मग जिभेवरचे धागे काढत बसायला लागायचं. तिचं अंगडं-टोपडं मी विणलेलं होतं, ते तिला लहान झालं. म्हणून मी कैरीच्या रंगाची नवी लोकर आणली आणि मोठा स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, एक बाही झाली. दुसरी बाही सुईवर होती.

ती अकरा महिन्यांची असताना तिला जुलाब सुरू झाले. दात येताना होतात, असं सगळ्या म्हणाल्या. मी घुटी उगाळून दिली. वहिनींनी मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, ते दिलं की ती ओकायची. मग मी थोडं कमी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती रडत होती. माझ्या कानात दडे बसले. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. दुपारी ती झोळीत गप्प झाली. मला बरं वाटलं. हे मी जसं होतं तसं लिहितेय. मला बरं वाटलं, की झोपली एकदाची.

मी दोन घास खाल्ले आणि बाही घेऊन बसले. झोळी माझ्या पाठीशी होती. मांजराचं पिल्लू करतं तसा बारीक आवाज आला. मी म्हटलं, "थांब गं, एवढी ओळ होऊ दे." ओळ संपता संपता पुन्हा एकदा आवाज आला, आधीच्याहून बारीक. मग आला नाही. मी म्हटलं, लागली पुन्हा झोप. आणि मी आणखी चार ओळी विणल्या. एका ओळीत अडतीस टाके होते.

मग मी उठून बघितलं. डोळे अर्धे उघडे होते, पण ती बघत नव्हती. ओठ कोरडे पडलेले. टाळू आत गेली होती, वाटीसारखी.

मी ओरडले. वहिनी धावत आल्या, त्यांच्या नवऱ्याने टॅक्सी आणली, आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "कधीपासून अशी आहे?"

मी म्हणाले, "आत्ताच."

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, बघू. सुई टोचायला त्यांना शीर मिळत नव्हती. दिवेलागणीच्या आत ती गेली.

मला कुणी बोल लावला नाही. वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, "पोरीला तशी बघितली आणि ही तश्शीच धावत सुटली हो, पायात चप्पल नाही." ते खरं होतं. त्याच्या आधी काय झालं ते मला एकटीलाच माहीत होतं.

सासूबाई गावाहून आल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलीची दुपटी, झबली, टोपडी, बांगड्या, सगळं एका गाठोड्यात बांधलं. मला म्हणाल्या, "गेल्ल्या पोराचा कायएक घरात ठेवूचा नाय गो. मागच्यांका त्रास होता." ते गाठोडं दिरांनी खाडीत सोडलं. सासूबाईंनी विचारलं, "आणखी काय रवला नाय मां?" मी नाही म्हणाले.

स्वेटर मी पिठाच्या डब्याच्या मागे कोंबला होता, सुयांसकट. तो तिच्या अंगाला कधी लागलाच नव्हता, म्हणून तो तिचा नाही, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण मला आजही धड सांगता येत नाही. त्या पाच ओळी त्या सुईवर होत्या. त्या खाडीत टाकल्या तर झालेलं सगळं कुणाला कधीच कळणार नव्हतं. आणि ठेवल्या तरी कुणाला कळणार नव्हतं. ठेवल्या.

पुढे मुलगा झाला. त्याच्यासाठी मी एक टाका विणला नाही. सासूबाई म्हणायच्या, "सगळ्या गावाची पोरां स्वेटरात आणि हेचा उघडा." मी सांगायची, डोळे दुखतात.

तो चार-पाच वर्षांचा झाल्यावर ही मुलगी झाली. हिच्या वेळी मी दीड महिन्यांची बाळंतीण असताना चाळीत रंगकाम निघालं आणि सगळं सामान हलवावं लागलं. डब्यामागचं आधीच ट्रंकेत गेलं होतं. ते हातात आलं. लोकर उत्तम होती. कसर लागली नव्हती, रंग उतरला नव्हता. आमच्या घरी चांगली लोकर कुणी टाकत नसे. पोर वाढलं की स्वेटर उसवायचा आणि तीच लोकर घेऊन मोठा विणायचा, अशी चाळीतल्या सगळ्याजणींची पद्धत. तीन पोरांच्या अंगावरून फिरलेली लोकर मी बघितली आहे. मला वाटलं, उसवलं की झालं. उसवलं की तो स्वेटर राहत नाही. मग ती नुसती लोकर.

ज्यांनी विणलेलं नाही त्यांना हे माहीत नसेल म्हणून सांगते. उसवताना शेवटची ओळ आधी निघते. मी सुई काढून घेतली, टोक ओढलं, आणि त्या चार ओळी सरसर निघून आल्या. मग ती ओळ आली, तिला थांबायला सांगून पुरी केलेली. तीन श्वास होतील एवढ्या वेळात ती उसवली. अडतीस टाके. ज्याच्यासाठी मी मागे वळून बघितलं नाही, ते एवढंच होतं.

मग मी थांबले नाही. सगळं उसवून खुर्चीच्या पाठीवर लडी केली. उसवलेली लोकर सरळ नसते, प्रत्येक टाक्याचा वळसा तिच्यात राहतो. शेवया दिसतात तशी दिसते. ती कोमट पाण्यात धुवायची आणि खाली वजन बांधून वाळत टाकायची, म्हणजे सरळ होते. मी तांब्या बांधला. दोन दिवस टांगून ठेवली. बरीच सरळ झाली, सगळी नाही. मग गुंडी करताना लडीचं कुठलं टोक आधी घेतलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. म्हणजे ती ओळ कुठे गेली, गळ्यात, की पाठीत, की टोपीत, ते मला सांगता येणार नाही. आहे मात्र त्यातच.

हिला मी तो स्वेटर घातला. हिला घामोळंसुद्धा आलं नाही. दोन हिवाळे वापरला. गोबरी, खणखणीत पोर. मी रोज संध्याकाळी तो अंगातून काढताना हिच्या छातीला कान लावायची. नवऱ्याला वाटायचं लाड करतेय.

त्यानंतर मात्र माझे हात सुटले. मी दोघांसाठी विणायला लागले, शेजारणींसाठी विणलं, क्रोशाची तोरणं केली, टीव्हीवरचे रुमाल केले, नवऱ्याच्या मफलरी केल्या. पोरांमागे धावून दमले की मला दुसरं काही सुचायचं नाही. बसलेल्या बाईच्या हातात काहीतरी लागतं. पण मी स्वतःला एक नियम घातला. पोराचा आवाज आला की जिथे असेल तिथे सुई सोडायची. ओळीच्या मध्ये, टाक्याच्या मध्ये. आणि आवाज येत नसला तर तेव्हाही सोडायची आणि जाऊन बघायचं. त्यामुळे माझ्या प्रत्येक स्वेटरात टाके गळलेले असायचे. मुलाच्या शाळेच्या स्वेटरला पाठीवर इतकी भोकं होती, की वहिनी गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, स्वेटर विणला की पीठ चाळायची चाळण? त्याला ताडपत्री घाला वरून!" बाकीच्या हसायच्या. मीही हसायची. पूर्वी माझी वीण चाळीत सगळ्यांत घट्ट होती, हे त्यांना आठवत असणारच. पण कुणी तो विषय काढला नाही.

पोरं भारी हुशार. मुलाला लवकरच कळलं, की खोकलं की आई हातातलं टाकून येते. मग तो दिवसभर खोटं खोटं खोकायचा. एकदा पाटीवर पाढे लिहायला बसवला, तर बैल खोकतो तसा खोकला. मी गेले, तर गालात हसतोय. मी त्याला धपाटा घातला. तरी पुढच्या वेळी पुन्हा गेले.

आवाजाची मला भीती वाटत नव्हती. दोघं भांडत असली, भांडी पाडत असली, की माझे हात छान चालायचे. घर शांत झालं की माझ्या पाठीला कळायचं. पाठीमागे झोळी आहे असं वाटायचं. झोळी कधीच काढून टाकली होती, त्या जागी कपाट होतं. मी वळून बघायची, तर कपाट. मग दोन टाके घालायची, पुन्हा वळायची. पोरं मोठी झाली, शाळेत गेली, कॉलेजात गेली. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही सातव्या मजल्यावर गेलो. तिथे त्या जागेला भिंतही नाही, सगळं बदललं. तरी विणायला बसले की पाठ तिकडेच व्हायची आणि मी वळायची.

नवरा गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात दोन महिने मी त्याच्या उशाशी बसून होते. सांगायला वेळ पुष्कळ होता. एकदा तो आपण होऊन म्हणाला, "पहिली असती तर आता तिची पोरं शाळेत असती." मी म्हटलं, "गोळी घ्या." असं आमचं बोलणं झालं.

तर मुलीचा फोन आल्यावर चौथ्या दिवशी, शनिवारी, ती स्वतःच मुलुंडला आली. पोट सावरत थेट आतल्या खोलीत गेली आणि पलंगाखालची ट्रंक ओढायला लागली.

"अगं, वाकू नकोस. मी काढते."

"तू काढणार? चार दिवस झाले, फोन उचलत नाहीस." तिने झाकण उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. स्वेटर वरच होता, पिशवीत, टोपी आणि मोज्यांसकट. "हा काय! इथेच तर आहे. उंदीर म्हणे." तिने तो पोटावर धरून बघितला. "केवढीशी होते गं मी. अगदी नव्यासारखा आहे. झकास."

मी म्हणाले, "तो घालू नको बाळाला."

"का?"

"बस खाली. सांगते."

तिला एवढंच माहीत होतं, की दादाच्या आधी एक होती आणि ती आजाराने गेली. आमच्या घरी त्यावर बोलणं नसे. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढंच, त्याच क्रमाने. ती पलंगावर बसून ऐकत होती. माझं झाल्यावर तिने विचारलं, "किती वेळ होता तो?"

"पाच ओळी."

"ओळी नको सांगू आई. मिनिटं सांग."

"दहा. पंधरा असतील. विणताना कळत नाही."

"पंधरा मिनिटं आधी नेली असती तर वाचली असती?"

"ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. किती, ते म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"कुणालाच?"

"तुला आत्ता."

तिने हातातल्या स्वेटरकडे बघितलं. "ह्यातली कुठली ओळ?"

"माहीत नाही."

"म्हणजे मी दोन वर्षं..." ती थांबली. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाली, "तू हे मला आत्ता का सांगतेस? सातव्या महिन्यात? दोन महिने गप्प नसतं बसवलं? चाळीस वर्षं बसलीस ना!"

"तू म्हणालीस, माझ्यासारखं लक्ष कुणाचं नसतं. म्हणून सांगितलं. मग मला म्हणू नकोस, आधी का नाही सांगितलंस."

"वा! म्हणजे तुझ्या डोक्यावरचं ओझं माझ्या पोटावर ठेवलंस. वाट लावलीस माझी."

ती बरोबर बोलत होती. मी पाणी आणलं, ते तिने प्यायलं नाही. स्वेटर ट्रंकेत टाकला, झाकण लावलं, मोबाइलवर रिक्षा बोलावली. निघताना आमच्यात "येते" म्हणतात. ती म्हणाली, "जाते."

बारा दिवस तिचा फोन नाही. मी केला तर जावई उचलायचे, म्हणायचे, ती झोपलीय. तेराव्या दिवशी तिने केला. डॉक्टरने कोणती तारीख दिली, रक्त किती आहे, सूज आहे का, एवढंच बोलली. स्वेटरचा विषय नाही.

तिला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण ते तिने घाटकोपरलाच केलं. मालिशवाली लावली. बाळाला पहिलं झबलं त्यांच्या मजल्यावरच्या एका गुजराती बाईच्या मुलाचं आणलं. बोरीवलीहून विहीणबाई आल्या होत्या, त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "अगं, तुझा तो स्वेटर घालणार होतीस ना?" मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही मिळाला. चाळ पाडली तेव्हा हरवला."

मी अळिवाचे लाडू घेऊन आठवड्यातून एकदा जायची. ती बाळ माझ्या मांडीवर द्यायची. दिलं नाही असं कधी झालं नाही. पण बाळ माझ्या मांडीवर असेपर्यंत ती समोरून उठायची नाही. घसा कोरडा पडला तरी पाण्याला उठायची नाही. विहीणबाई म्हणायच्या, "अगं जा, आंघोळ करून घे, आई आहे ना." ती म्हणायची, "करते नंतर." मला राग आला का? नाही आला. मी तिच्या जागी असते तर मांडीवरसुद्धा दिलं नसतं.

रजा संपत आली तसं तिने पाळणाघर शोधलं. दोन-तीन बघितली, एक पसंत केलं, नावही घातलं. मला जावयांकडून कळलं. मी म्हटलं, चांगलं झालं. आणि खरोखर मला सुटल्यासारखं वाटलं. ते मूल झोपलं आणि घरात मी एकटी, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

एक दिवस ती बाळाला सवय व्हावी म्हणून तासभर तिथे बसून आली. आल्यावर तिने मला फोन केला.

"आई, तिथे एका खोलीत सात पोरं निजवतात, ओळीने. एक बाई बसलेली असते."

"बरी आहे का बाई?"

"चांगली आहे गं. हसरी. पोरं झोपली की ती निवांत असते. मोबाइल बघते." मग तिने विचारलं, "तू झोपलेल्या पोराजवळ निवांत बसशील?"

"नाही."

"मग ये तू. सोमवारपासून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण मी कॅमेरा लावणार आहे. पाळण्याच्या वर. ऑफिसातून मला मोबाइलवर दिसेल, बोलता पण येतं त्यातून. आत्ताच सांगून ठेवते, मागून रुसायचं नाही."

"लाव."

"आणि हातात सुया नकोत. क्रोशा नको, काही नको."

"नाही घेणार."

"राग नाही ना आला?"

"लाव म्हटलं ना. दोन लाव."

सोमवारी मी घाटकोपरला राहायला आले. स्वेटर मुलुंडलाच आहे, ट्रंकेत. त्याचं काय करायचं ते तिने सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. जावयांनी भिंतीवर तो कॅमेरा बसवला. लिंबाएवढा आहे, त्यात निळा दिवा. मुलगी निघताना दुधाच्या बाटल्या कुठे, ताप मोजायचं कुठे, डॉक्टरचा नंबर कुठे, सगळं दोनदा सांगून गेली.

पहिला दिवस नातीने रडून घालवला. मला काही त्रास नव्हता. रडणारं पोर मी दिवसभर घेऊन फिरेन. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध पिऊन ती झोपली. पंखा बारीक केला होता. खिडकीबाहेर नेहमी कुठलं तरी बांधकाम चालू असतं, ते जेवणाच्या सुटीत थांबलं. घर एकदम शांत झालं.

माझे हात रिकामे होते. मी पाळण्याशी अगदी समोर तोंड करून बसले होते, पाठ भिंतीला लावून. तरी मला ते झोळीचं सुरू झालं. मी उठले आणि तिच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला काही लागेना. पंख्याचा वारा होता म्हणून असेल. पण मला काही लागेना. मी बोट आणखी जवळ नेलं.

वरून आवाज आला, "आई, हात काढ. उठेल ती."

मी दचकले. वर बघून म्हटलं, "श्वास लागत नाही गं हाताला."

"पंखा चालू आहे. नाक नको बघू, पोट बघ."

"मला नीट दिसत नाही."

"मला दिसतंय इथून. वर-खाली होतंय. बघ, झबल्यावरच्या बदकाकडे बघ."

मी चष्मा पुसला आणि बदकाकडे बघितलं. ते वर जात होतं आणि खाली येत होतं. फार थोडं, पण हलत होतं.

"दिसलं?"

"दिसलं."

पंचेचाळीस वर्षं मी हे एकटीने बघत होते. मला वाटलं आता ती बंद करेल. तिच्याकडे माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती त्यांना म्हणाली, "आले, दोन मिनिटं." पण तिने बंद केलं नाही. मी पाळण्याजवळ, ती तिच्या टेबलाशी, आम्ही दोघी ते पोट बघत बसलो.